सैल झग्याचे वाचन

हवाई बेटांवरील स्त्रियांच्या सैल, ऐसपैस झग्याला ‘मुउमुउ’ म्हणतात. हवाईयन भाषेत या शब्दाचा अर्थ तोडलेले, आखूड केलेले असा आहे. आज ‘विंटेज हवाईयन प्रिंट’ या नावाने फुलाफुलांचे जे सुटसुटीत झगे विकले जातात, त्यांच्या पूर्वजांपैकी हा एक. आम्ही दोघी मराठी शिकवतो. वस्त्रविद्येतल्या जाणकार नाही. पण वस्त्राच्या नावातच कात्री असावी, ही गोष्ट शब्दांवर उपजीविका करणाऱ्यांना स्वस्थ बसू देत नाही.

तोडले ते काय? १८२० च्या वसंतात ‘थॅडियस’ नावाचे जहाज अमेरिकन मिशनऱ्यांना घेऊन या बेटांपाशी पोहोचले. तेथील स्त्रिया तेव्हा कमरेला ‘पाऊ’ गुंडाळत. तो ‘कापा’चा असे, म्हणजे वौके या झाडाची अंतर्साल कुटून केलेल्या आणि बांबूच्या कोरीव ठशांनी रंगवलेल्या वस्त्राचा. दिवंगत राजा पहिला कामेहामेहा याची राणी कालाकुआ हिच्यासाठी जहाजाच्या डेकवरच मिशनऱ्यांच्या बायकांनी पायघोळ झगा शिवला. अमेरिकेतल्या तेव्हाच्या फॅशनची उंच कंबर वगळून छातीच्या वर योक घेतला आणि तेथून कापड मोकळे सोडले. हा ‘होलोकू’. त्याच्या आत घालायचा साधा झगा तो मुउमुउ : योक नाही, बाह्याही कधी आखूड. पुढे हे आतले वस्त्र बाहेर आले, घरात रुळले आणि मग रस्त्यावर.

एवढ्या माहितीवर आमच्या वर्गातील कोणताही हुशार विद्यार्थी उत्तरवसाहतवादी निष्कर्ष काढून मोकळा होईल : परक्या नीतीने देशी देह झाकला. हे खोटे नाही. पण ल्युसी थर्स्टन या मिशनरी स्त्रीच्या आठवणी पाहिल्या की चित्र इतके सरळ राहत नाही. तिच्या सांगण्यानुसार राणी स्वतः पांढरे तलम कापड घेऊन आली होती आणि तिला झगा लगेच हवा होता. रविवार असल्यामुळे मिशनऱ्यांनीच काम सोमवारवर ढकलले. अर्थात ही साक्ष मिशनऱ्यांच्या बाजूची आहे. तरीही त्या साक्षीतली राणी गरीब बिचारी नाही. ती हुकूम सोडणारी आहे. सत्ता कोणाची, हा प्रश्न या झग्याच्या पहिल्या टाक्यापासूनच अनिर्णित आहे. मराठीच्या अभ्यासकांना हे जग परके वाटू नये. ज्या अमेरिकन बोर्डाने हे मिशन हवाईला धाडले, त्याचेच मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि १८४२ साली सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ हे त्यांच्याच मराठी मिशनचे पत्र.

आता छपाईकडे पाहू. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, १९५९ मध्ये त्यांचे राज्य झाले. आपण ज्याला ‘विंटेज’ म्हणतो तो छापा मुख्यतः या शेवटच्या वर्षाच्या आगेमागे, पर्यटनाच्या भरभराटीत लोकप्रिय झाला. आल्फ्रेड शाहीन यांनी १९४८ मध्ये होनोलुलूत व्यवसाय मांडला, पुढे कापड तेथेच छापले आणि कापावरच्या जुन्या नक्ष्यांचाही आधार घेतला. १९६१ च्या ‘ब्लू हवाई’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर एल्व्हिस प्रेस्लेच्या अंगात त्यांचाच शर्ट आहे. या छाप्यांवर हटकून दिसणारा चाफा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला. त्यांवरची लाल जास्वंदही बहुधा आपल्या अंगणातल्या जास्वंदीच्याच गोतातली, बाहेरून आलेली. १९८८ पासून राज्यपुष्प असलेली तेथील अस्सल पिवळी जास्वंद मात्र नष्टप्राय जातींत मोडते. ज्या फुलांवरून जग त्या भूमीला ओळखते, ती फुलेही तिथे पाहुणीच.

आणि तरीही हा झगा आम्हाला आवडतो. का, याचे उत्तर आमच्या घरात आहे. आमच्याकडे या आकाराच्या वस्त्राला ‘गाऊन’ म्हणतात. तो गळ्यापासून घोट्यापर्यंत सारे झाकतो. पण दूधवाल्याला दार उघडताना बाई त्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकते. साडीत पोट उघडे राहिले तर चालते, गाऊनमध्ये काहीच उघडे नसून अंग चोरावे लागते. आम्ही नोकरीला लागलो त्या महाविद्यालयात अध्यापिकांनी साडीच नेसावी असा अलिखित दंडक होता. कारण विचारले तर ‘शोभत नाही’ एवढेच उत्तर मिळे. म्हणजे आक्षेप उघडेपणावर नसतो, सैलपणावर असतो. कंबर कोठे आहे हे न सांगणारे वस्त्र बाईने स्वतःच्या आरामासाठी घातले आहे, हे उघड दिसते; आणि तेच खुपते.

हवाईच्या स्त्रियांनी या प्रश्नाचा निकाल आपल्या परीने लावला. झाकण्यासाठी आलेला होलोकू त्यांनी राजदरबारी मिरवला. १८३० मध्ये ज्या हुला नृत्यावर जाहीर बंदी आली, तेच नृत्य पुढे त्या होलोकूचा घोळ सावरत केले जाऊ लागले. आतला मुउमुउ त्यांनी घरी, चर्चमध्ये, लग्नसमारंभात नेला. ज्यांनी कात्री चालवली त्यांचा इतिहास पुस्तकांत आहे. ज्यांनी तो झगा घालून दोनशे वर्षे संसार केले, त्यांनी त्याचा अर्थ बदलला. संहितेचा अर्थ वाचक घडवतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. वस्त्राचा अर्थ ते वापरणारी बाई घडवते, हेही त्याच तासाला सांगायला हरकत नसावी.