जामसांवलीचा निजलेला मारुती

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सौंसरच्या आसपास संत्र्याच्या बागा दिसू लागतात. हा मुलूख मध्य प्रदेशातला, 2023 पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यातला. पण मराठी सर्रास कानावर पडते. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी. आपल्याकडे त्या जागी कानडी, एवढाच फरक.

जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. मनाने आजारी असलेली माणसं घेऊन लोक इथे येतात. वन्संच्या आग्रहावरून आम्हीही सासूबाईंना नेलं. (गोळ्या पिशवीत होत्याच, त्या मी चुकवत नाही.) सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. माहेर धारवाडकडचं, पन्नास वर्षं मराठीत संसार केला. आता मराठी निसटतेय, माहेरची कानडी तेवढी उरलीय. या आजारात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते.

रांगेत त्या भेदरल्या होत्या. मूर्ती दिसताच मात्र ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, "मलग्यान, सुम्निर!" वन्सं समजावू लागल्या, "आई, अगं देव आहे, नमस्कार कर." मी त्यांना खुणेनं थांबवलं. निजलेल्याची झोप मोडू नये, यात त्यांचं काय चुकलं? आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो. बाहेर त्या शांतपणे माझा हात धरून बसल्या.

घरी मात्र सांभाळायला येणारी बाई त्यांना आंघोळीला अक्षरशः ओढायची. तिला पाठवणाऱ्या संस्थेने काही शिकवलंच नव्हतं. ब्रिटनच्या टॉम किटवुड यांनी 1997च्या पुस्तकात आजाराआधी माणूस पाहायला सांगितलं; त्यानंतर अशा शिक्षणाचे प्रकार बरेच निघाले. त्यातला एक आम्ही घरीच केला. हातात जाड मोजे, धूसर केलेला चष्मा, चपलेत वाटाणे, शेजारी मोठ्याने रेडिओ, आणि ब्लाउजची बटणं लावायची. आधी बाई, मग मी. माझं एक बटण लागेना आणि बाई मागून म्हणाली, "लवकर करा की!" मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

मग तिने कालनिर्णयच्या पाठीवर चार शब्द लिहून घेतले: नीरु, ऊटा, बर्री, कुंद्री. आता ती आधी समोर बसते, हात दाखवते, मग "बर्री अव्वा" म्हणते. आंघोळीला तरी अर्धा तास लागतो. कधी होतच नाही. त्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसतो.