तोळाभर शिसे

ठासणीची बंदूक म्हटली की आमच्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला आठवते ती भाताची राखण. पीक पोटरीला आले की रानडुकरे उतरायची आणि रात्री कुठून तरी एक बार ऐकू यायचा. आमच्या घरीही अशी एक परवान्याची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागल्यावर परत यायची. आजोबा दारू भरत ती तळहाताच्या अंदाजाने. तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासणे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारीच्या गोष्टी ओसरीवर सांगण्यापुरत्या उरल्या आणि आमचा बार केवळ आवाजासाठी उडू लागला. त्यामुळे या बंदुकीत कोणती गोळी घालावी, या प्रश्नाने एखाद्याची झोप उडू शकते हे मला शिक्षणासाठी ओहायोत जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या राज्यात हरणे फार. शिकारीला परवाना लागतो, दिवस ठरलेले असतात आणि किती मारायची तेही ठरलेले असते. नेहमीच्या बंदुकांचा हंगाम संपला की जानेवारीत काही दिवस ठासणीच्या बंदुकीसाठी म्हणून वेगळे राखलेले असतात. माझे घरमालक निवृत्त शाळामास्तर होते आणि या दिवसांची वर्षभर वाट पाहत. मी मात्र जन्माचा शाकाहारी! पण पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून त्यांनी मला आकड्यांची वही सांभाळायला बसवले.

त्याला कारण होते. आदल्या वर्षी त्यांनी वीस-पंचवीस पावलांवरून एका मादीवर बार टाकला. गोळी लागली, पण ती पळाली. रात्री उशिरापर्यंत विजेरी घेऊन ते बर्फावरचे रक्ताचे ठिपके शोधत हिंडले. ओढ्यापाशी माग तुटला. दोन दिवसांनी ती मेलेली सापडली. गोळीचे खांद्याच्या हाडावरच तुकडे झाले होते, छातीत काही पोचलेच नव्हते. हे त्यांनी मला एकदाच सांगितले आणि लगेच तराजू काढला.

जुन्या पद्धतीत अर्ध्या इंचाच्या नळीत शिशाची गोल गोळी तेलकट फडक्यात गुंडाळून बसवीत. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन. आपला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे जवळजवळ तोळाभर शिसेच. हा हिशेब मी सांगितला तेव्हा मास्तर फार खूश झाले. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी नळीच्या थेट मागून ठिणगी देणारी एमके-८५ ही बंदूक काढली आणि पुढे अशा बंदुकांतून पिस्तुलाच्या गोळ्या वापरण्याची चाल पडली. पिस्तुलाची गोळी ०.४३ किंवा ०.४५ इंच जाडीची, नळी ०.५० ची. मग मधली फट भरायला प्लास्टिकची एक चिरलेली वाटी असते. तिला सॅबो म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लाकडी पादत्राण, आपल्या खडावांचाच भाऊबंद. वाटी नळीतले पेच पकडते, गोळीला फिरकी देते आणि तोंडातून बाहेर पडताच गळून जाते.

खरी मेख पुढे आहे. या गोळीचे नाक पोकळ असते आणि ते ठरावीक वेगालाच फुलावे असे घडवलेले असते. मास्तरांची जुनी गोळी .४५ च्या स्वयंचलित पिस्तुलाची होती. तिला सेकंदाला नऊशे फुटांच्या आसपासची सवय. तिच्यामागे त्यांनी दीडशे ग्रेन दारू ठासली होती. वेग दुपटीवर गेला म्हणजे ऊर्जा चौपट झाली, आणि पातळ तांब्याचे आवरण फाटून गोळीचा भुगा झाला. उलट वेग फार कमी पडला तर नाक फुलतच नाही, गोळी दाभणासारखी आरपार जाते आणि जनावर तडफडत राहते. म्हणजे वीस पावलांवर फुटू नये आणि शंभरावर मिटून राहू नये, अशी गोळी हवी. जास्त दारू म्हणजे जास्त दम, हा समज दुकानदारांना सोयीचा आहे एवढेच मी म्हणेन.

शेवटी .४४ मॅग्नमची ३०० ग्रेनांची, जाड आवरणाची गोळी ठरली. पाण्याने भरलेले दुधाचे प्लास्टिकचे डबे ओळीने मांडून आम्ही ती तपासली. नव्वद ग्रेन दारूवर ती चौथ्या डब्यात सापडे, छत्रीसारखी उघडलेली, पण अखंड. दारू मापाच्या नळकांडीनेच घ्यायची. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नाही, नळी फुटते. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, म्हणून गजावर चाकूने खूण केलेली. आणि मास्तरांचा एक हट्ट मला पटला. ते रोज सकाळी स्वच्छ, थंड नळीतून एकच बार उडवीत आणि घरी येत. हरणासमोर दुसरा बार भरायला अर्धे मिनीट तरी लागते, तेव्हा सरासरी काय कामाची? दहा सकाळींची दहा छिद्रे शंभर यार्डांवर तळहातात मावली, तेव्हा त्यांनी वही मिटवली.

हंगामात एक दिवस मी नारिंगी बंडी घालून त्यांच्याबरोबर गेलो. तिसऱ्या प्रहरी मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे एक नर उभा राहिला, मोठा, अगदी आडवा. अंतर दीडशे यार्डांच्या आसपास. मास्तरांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ पाहिले आणि खाली घेतली. तो चरत चरत झाडीत गेला. अंधार पडल्यावर घरी येऊन त्यांनी मागचा पेच उघडला आणि गजाने दारू, वाटी, गोळी सारे बाहेर ढकलले. प्लास्टिकवर पेचांचे बारीक वळ उठले होते. गोळी पुसून त्यांनी डबीत ठेवली आणि उद्या किती वाजता उठायचे ते विचारले.