कासवांच्या गावी, गावाच्या रीतीने

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्री नदी जेथे सागराला मिळते त्या बाणकोट खाडीजवळ, मंडणगड तालुक्यातील वेळास हे छोटेसे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरे आणि सुरूच्या बनापलीकडे पसरलेला वाळूचा किनारा, एवढेच त्याचे वैभव. इतिहासाच्या अभ्यासकांना ते नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे गाव म्हणून परिचित असते. गेल्या दोन दशकांत मात्र महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे त्याला ‘कासवांचे गाव’ म्हणून ओळखू लागली आहेत.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत खड्डा खणून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. अंडी उबवण्याचे काम वाळूच्या उबेवर सोपवलेले असते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या आणि थंड असेल तर नर अधिक जन्मतात, हे या प्राण्याचे आणखी एक वैशिष्ट्य. हजार पिल्लांतून जेमतेम एखादेच मोठे होत असावे, असा अंदाज आहे.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि आपण त्याला नमस्कार करून आत जातो. तरीही किनाऱ्यावरील कासवाची अंडी एकेकाळी सर्रास खणून नेली जात. माणसाच्या हातून जी सुटत, ती कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरट्यांचा माग अचूक काढणाऱ्या गावकऱ्यांनाच या कामात सोबत घेण्यात आले. पहाटे किनारा धुंडाळायचा, सापडलेली अंडी भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले निघाली की त्यांना वाळूवर सोडून स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ द्यायचे, असा हा क्रम. पुढे यातूनच कासव महोत्सव उभा राहिला.

घर हेच विश्रामगृह

या महोत्सवाचे खरे वेगळेपण त्याच्या व्यवस्थेत आहे. पर्यटक येथे उतरतात ते गावकऱ्यांच्या राहत्या घरांत. पडवीत किंवा माजघरात अंथरूण, अंगणात पंगत आणि पानात घरचे जेवण: घावन, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि एखाद्या दिवशी उकडीचे मोदक. येणारा पैसा थेट चुलीपर्यंत पोहोचतो. जिच्या हातच्या चवीसाठी पाहुणे पुन्हा येतात, त्या गृहिणीच्या कष्टांनाही मोल मिळते. शिवाय घरे मोजकी असल्याने पाहुण्यांच्या संख्येला आपोआप मर्यादा पडते.

कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही हे दोन दिवस मोलाचे ठरतात. किनाऱ्यापर्यंत पायी जाणे, ताजे अन्न, लवकर मिटणारे दिवे आणि शांत झोप. मुलांना आणखी एक धडा मिळतो, तो वाट पाहण्याचा. टोपली उचलली की पिल्ले दिसतीलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

मोह आणि मर्यादा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणच्या किनारपट्टीवरील बागा उद्ध्वस्त केल्या. नारळाचे नवे झाड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. मधल्या काळात पाहुण्यांचे उत्पन्न हाच अनेक किनारी गावांत घरांचा आधार ठरतो. आणखी खोल्या बांधाव्यात, किनाऱ्यावर दिवे लावावेत, सुट्टीच्या दिवशी येतील तेवढ्या गाड्या येऊ द्याव्यात, हा मोह येथूनच उत्पन्न होतो. त्याबद्दल गावाला दोष देणे सोपे आहे. पण शहरात बसून तो देणाऱ्याची बाग मोडलेली नसते.

तथापि याची किंमत लवकरच मोजावी लागते. पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असतील तर ती समुद्राऐवजी वस्तीकडे वळतात. माणसांची वर्दळ आणि प्रकाश जाणवला तर कासवीण अंडी न घालताच परत फिरते. हंगाम नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. तेव्हा विहिरींचे पाणी खाली गेलेले असते आणि पाहुण्याची प्रत्येक बादली त्याच विहिरीतून येते. कचरा व सांडपाण्याची सोय न वाढवता गर्दी वाढली, तर त्याच पाण्यातून पोटाचे विकार पाहुण्यांना आणि यजमानांनाही गाठू शकतात. कासवे येईनाशी झाली, तर पाहुण्यांनी तरी कशासाठी यावे?

जाण्यापूर्वी

- पिल्ले साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा आणि राहण्याची सोय आधी पक्की करूनच निघावे.
- किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभे राहावे. पिल्लांना हात लावू नये, कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, हे मुलांनाही सांगावे.
- रात्री कासवमित्र सोबत असल्याशिवाय किनाऱ्यावर फिरू नये.
- पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्याव्यात. प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा.
- आंघोळीला एक बादली पुरेशी मानावी.
- भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.
- निघताना वाडीतले नारळ, कोकम, आमसुले विकत घ्यावीत आणि दराची घासाघीस करू नये.

पिल्ले दिसली नाहीत म्हणून यजमानांवर रुसू नये. ज्या घरात आपण दोन दिवस जेवलो, त्या घरातील माणसे पहाटेच्या थंडीत आणि वाऱ्यात महिनोन्‌महिने किनारा राखत असतात. आपल्या मुलांनी त्यांच्याशी निवांत बोलावे, त्यांना प्रश्न विचारावेत. एवढे साधले, तरी प्रवास सार्थकी लागला असे समजावे.