किल्ल्या दोन, खोली एक

कॉन्व्हेंटवालीने मराठी विभागात काय लिहावं? जे रोज समोर असतं तेच लिहिते. जावा!

समजा, हॉस्टेलच्या खोलीचा एक ऑब्जेक्ट आहे. त्यात खोलीचा नंबर आणि सामानाची लिस्ट आहे. आता 'खोली२ = खोली१' असं लिहिलं की वाटतं, दुसरी खोली तयार झाली. छे! खोली एकच, किल्ल्या मात्र दोन. ह्या किल्लीलाच रेफरन्स म्हणतात. एकीने आतली बादली काढली, की दुसरीचीही गेली!

बरं, मग क्लोन करू. जावाचं मूळ क्लोन वापरलं तर खोल्या खरंच दोन होतात, पण आतली लिस्ट अजून सामायिकच. ही झाली शॅलो कॉपी. दोन्ही प्रिंट करा, हुबेहूब सारख्या! आतलं काही बदललं की मगच कळतं. खरोखर वेगळी प्रत हवी, तर आत शिरून बदलू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नक्कल करावी लागते. ही डीप कॉपी. ती वेळ खाते, मेमरी खाते, म्हणून कंटाळा येतो.

हे शिकताना मला सारखी आजी आठवत होती. माझं मराठी म्हणजे आजीकडे जाणारा नुसता रेफरन्स. शब्द अडला की फोन. "आजी, परवाच्या पुढचा दिवस?" "तेरवा गं!" झालं काम.

गेल्या वर्षापासून आजी विसरायला लागली आहे. दिवाळीत पहाटे आंघोळीच्या पाण्याकडे बोट दाखवून तिने मलाच विचारलं, "ह्याला काय म्हणायचं गं?" मी म्हटलं, "घंगाळ." तिने तो शब्द नवीन असल्यासारखा दोनदा म्हणून पाहिला. हा शब्द तिनेच मला दिला होता. तो माझ्याकडे उतरला होता म्हणून वाचला. बाकीचे?

आता दर रविवारी मी तिला फोन करते आणि रफ वहीच्या मागे लिहून घेते. नुसता शब्द नाही, कारण ती पुन्हा शॅलो कॉपीच. तो कधी वापरायचा, कुणाला म्हणायचा नाही, तिला कुणी शिकवला, सगळं. 'तेरवा' मागच्या दिवसालाही चालतो, हे तेव्हाच कळलं! आतापर्यंत ४७ शब्द झालेत. काही रविवारी एकच मिळतो, काही रविवारी तोही नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल. फोन लावा. रेंज गच्चीवर चांगली येते.