डागाची ओळख

घर टापटीप ठेवण्याची विद्या आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकत नाही. ती आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आणि अलीकडे क्वचित लेकाकडेही हातोहात येते. चिंच, लिंबू, मीठ, सोडा आणि राख ही तिची सामग्री. या विद्येविषयी आम्हांला मोठा आदर आहे. मात्र तिच्यातील 'कसे' पुढच्या पिढीला मिळते, 'का' मात्र वाटेतच राहून जाते, हे घरभेटींच्या निमित्ताने आम्हांला वारंवार जाणवते.

आपल्या उस्मानपुऱ्यातील घरांचेच पाहा. जायकवाडीचे पाणी नळाला रोज येईल असा भरवसा या शहराला वर्षानुवर्षे नव्हता. म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या आणि जोडीला बोअरचे पाणी. आपली भूमी बसाल्टच्या काळ्या खडकाची; त्यातून येणारे पाणी क्षार घेऊन येते. बादलीवर आणि तोटीवर जो पांढरा थर चढतो, तो मुख्यतः चुन्याचा. तो साबणाने निघत नाही. जड पाण्यात साबणाचाच साका होतो. त्याला आंबट हवे. लिंबाच्या रसात भिजवलेले फडके तोटीला अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग चोळून धुवावे. थर सुटतो.

पण तोच रस खाली ओघळला तर? जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. १९५६ पर्यंत आपले शहर, तेव्हाचे औरंगाबाद, आणि शहाबाद ही दोन्ही हैदराबाद राज्यात होती. ही फरशी चुनखडीच्या जातीचा दगड आहे. तोटीवरचा चुना खाणारे लिंबू फरशीचाही चुना खाते आणि तिची झिलई कायमची जाते. म्हणून तोटीखाली आधी भांडे ठेवावे. फरशीला साबणाचे पाणी पुरे.

पितळेचेही तसेच. चिंच आणि मीठ लावले की वेदीवरील मेणबत्तीदाने उजळतात. चिंचेतील आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवते. पण पातेल्याला आतून कल्हई असेल तर चिंच बाहेरूनच लावावी. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळावे. अॅल्युमिनियमला मात्र हाच सोडा खातो. वेदीच्या वस्त्रावर मेण सांडले तर ओले असताना पुसू नये. ते गोठू द्यावे, बोथट सुरीने खरवडावे, मग वर-खाली कोरा टीपकागद ठेवून बेताची गरम इस्त्री फिरवावी. उरलेले मेण कागद पिऊन टाकतो. छापील वर्तमानपत्र वापरू नये, शाई वस्त्राला लागते. मेणबत्तीचे उरलेले तुकडेही फेकू नयेत. पावसाळ्यात अडणाऱ्या लाकडी खणाच्या कडेला ते घासले की खण सहज सरकतो.

इथवरच्या चुकीने फार तर वस्तू बिघडेल. पुढची चूक जिवावर बेतणारी आहे. एका घरी एका आजीबाईंनी आम्हांला विचारले, "फादर, संडासाचे अॅसिड चांगले, ब्लीचिंग पावडरही चांगली. मग दोन्ही एकदम टाकली तर दुप्पट स्वच्छ होईल ना?" प्रश्न भोळा खरा, पण तो अनेकांच्या मनात असतो, आणि साठवलेल्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडर तर कित्येक घरांत असतेच. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील यीप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. मोरीच्या कोंडलेल्या जागेत तो फुप्फुसांना भाजून काढतो. चुकून मिसळण झालीच तर ती निस्तरत बसू नये. तत्काळ मोकळ्या हवेत यावे, घरातील सर्वांना बाहेर काढावे आणि खोकला वा धाप लागली तर दवाखाना गाठावा. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवूच नयेत.

आम्ही आजीबाईंना हे समजावले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हे तूपण ऐक गं." आम्हांला तेच सर्वांत मोलाचे वाटले. डाग कशाचा, तो कशावर पडला आणि हातातील वस्तू त्या दोहोंचे काय करील, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लेकीसुनांना आणि मुलग्यांनाही लावावी. लिंबाची फोड तर काय, बाजारात सहज मिळते. ती कुठे लावू नये हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगावे लागते.