'रन' म्हणजे धावणे, इतकंच?

इंग्रजीत नळ धावतो, नाक धावतं, दुकान धावतं, वर्तमानपत्रात बातमी धावते आणि अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवारही धावतो. या सगळ्यांना क्रियापद एकच, 'रन'. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित नोंदीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ दिले आहेत आणि ती नोंद सिद्ध करण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने गेले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'कडे होता. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत हाती न लागणाऱ्या, पसरट अर्थाच्या क्रियापदांची नावं घेतली आहेत. तिथेही 'टेक', 'गेट', 'पुट' यांच्या पंगतीत 'रन' आहेच. असे आकडे ऐकले की इंग्रजी शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मला मात्र वाटतं, त्याला खरा अडसर होतो तो वहीत उतरवून घेतलेल्या 'रन म्हणजे धावणे' या एका ओळीचा. ओळ बरोबर आहे, पण अपुरी आहे, आणि आपण ती पुरी म्हणून शिकवतो.

या शब्दाच्या मुळाशी पायांइतकंच पाणीही आहे. जर्मन भाषेत त्याची दोन भावंडं आजही वेगवेगळी नांदतात: 'रेनेन' म्हणजे पळणे आणि 'रिनेन' म्हणजे ओघळणे, वाहणे. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मिसळली. हे एकदा कळलं की वाहणारं नाक, सोडून ठेवलेला नळ, धुण्यात लाल कपड्याचा रंग सुटून पांढऱ्या सदऱ्याला लागणं, यांतलं काहीच विचित्र वाटत नाही. पुढे घड्याळं आली, यंत्रं आली, आणि न थांबता फिरत राहणाऱ्या वस्तूलाही हाच शब्द लागला. यंत्रामागून कारखाना, धंदा, सरकारही त्यात आलं. मराठी मुलाची खरी अडचण मला इथे दिसते. आपण 'चालणे'चं 'चालवणे' करतो. दुकान चालतं आणि मावशी ते चालवते. इंग्रजीत रूप बदलत नाही. दुकानही 'रन' होतं आणि मावशीही दुकान 'रन' करते. 'धावणे' एवढंच हाताशी असलेला मुलगा त्या वाक्यात मावशीला दुकानातून पळवतो.

शब्दाला असे फाटे फुटणं ही इंग्रजीची खोड आहे, असंही समजू नये. यंत्राला इंग्रज धावायला लावतो, आपण चालायला. फ्रेंचही आपल्यासारखेच: त्यांचं 'मार्शे' हे क्रियापद माणसाच्या चालण्याला वापरतात तसंच घड्याळाच्या चालण्यालाही, आणि 'सा मार्श' म्हणजे तर चक्क आपलं 'चालेल'. अमेरिकेत धावणारा उमेदवार ब्रिटनमध्ये निवडणुकीला उभा राहतो, आणि महाराष्ट्रातही उभाच राहतो. शिवाय आपल्याकडे 'लागणे' आहे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, फोन लागत नाही, नको असताना जावं लागतं, आणि समोर बसलेली बाई आपली आत्या लागते. हे सगळं मराठी घरातलं पाच-सहा वर्षांचं मूल न अडखळता बोलतं. कुणी त्याला अर्थांची यादी दिलेली नसते; प्रत्येक 'लागणे' त्याला आपापल्या सोबत्यासह कानावर पडलेलं असतं.

कुणी म्हणेल, ६४५ हा आकडा फुगवलेला आहे. त्यात कालबाह्य अर्थ आहेत, 'आउट', 'ओव्हर', 'इनटू' जोडून झालेले प्रयोग आहेत. हे मला मान्य आहे. पण रोजच्या बोलण्यात गरज पडते ती याच जोडप्रयोगांची. दूध 'रन आउट' झालं म्हणजे संपलं. फलंदाज 'रन आउट' झाला म्हणजे धावचीत. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी गेली, 'रन इनटू' म्हणजे अवचित गाठ पडली. अर्थ त्या चिमुकल्या शब्दाने फिरवलेला असतो आणि आपला विद्यार्थी नेमका तोच गाळून वाचतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूळ कळलं म्हणून प्रत्येक अर्थ ओळखता येईल का? नाही येणार. ताप आलेला माणूस इंग्रजीत ताप 'रन' करतो, हे कुठल्याही मुळावरून ताडता येत नाही. ते वाक्यातच भेटावं लागतं. मुळाचा उपयोग भेटलेलं लक्षात राहायला होतो, आणि तेवढा उपयोग मला पुरेसा वाटतो. राहता राहिलं, लहान मुलांना एकच अर्थ सोपा पडतो हे. पहिलीत जरूर 'धावणे'च शिकवावं. पण महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं हातात असतात, आणि तेवढ्या काळात ती एक ओळ वाढायला हवी.

इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात 'रन' आला की फळ्यावर त्याचा अर्थ लिहून थांबू नका. खाली तीन पूर्ण वाक्यं लिहा, एक नळाचं, एक दुकानाचं, एक संपलेल्या दुधाचं, आणि मुलांना त्यांचं मराठी करायला सांगा. तिन्ही ठिकाणी मराठी क्रियापद वेगळं येईल.