खोक्यावरचा एक मिलिसेकंद

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘१ एमएस’ हा आकडा मला फार दिवसांपासून खटकतो. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. कुठल्या ना कुठल्या चाचणीत तो बहुधा मिळालेलाच असतो. पण गिऱ्हाइकाला जे विचारायचं असतं, त्याचं उत्तर त्यात नसतं. त्याला जाणून घ्यायचं असतं की समोरून काही वेगानं सरकलं तर ते मला स्वच्छ दिसेल का. आकडा सांगतो की पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला किती वेळ लागला. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं विकणाराही धरून चालतो आणि खेळणाराही. माझं म्हणणं असं, की आजच्या चांगल्या पडद्यावर दिसणाऱ्या धूसरपणाचा मोठा वाटा पिक्सेलच्या संथपणातून येत नाही. प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ खिळून राहतं आणि त्या वेळात आपली नजर काय करत असते, यातून तो येतो.

आधी पिक्सेलच्या बाजूचा दोष पाहू, कारण तो खराच आहे. एलसीडी पडद्यात विजेचा दाब बदलला की द्रव-स्फटिकांचे रेणू वळतात आणि त्यानुसार प्रकाश कमी-जास्त बाहेर सोडला जातो. रेणूंना वळायला वेळ लागतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, १६.७ मिलिसेकंद टिकते, तेव्हा १० मिलिसेकंदांत होणारा बदल त्यात मावतो. २४० हर्ट्झवर फ्रेमच्या वाट्याला फक्त ४.१७ मिलिसेकंद येतात; तोच पिक्सेल तिथे मागच्या फ्रेमचा अंश पुढच्या फ्रेममध्ये ओढत नेतो, आणि धावणाऱ्या पात्रामागे त्याची फिकट सावली दिसते. हे घोस्टिंग. एलसीडीच्याच व्हीए या प्रकारच्या पॅनेलवर काळ्यातून गडद राखाडी होताना तर कधी २० मिलिसेकंदांहूनही जास्त लागतात, म्हणून अंधाऱ्या गुहेतल्या दृश्यात काळे फराटे उमटतात. यावर उपाय म्हणून ओव्हरड्राइव्ह असतं : रेणू लवकर वळावेत म्हणून त्यांना गरजेपेक्षा जास्त जोराचा धक्का द्यायचा. धक्का अति झाला की पिक्सेल हव्या त्या छटेच्या पुढे जाऊन परत येतो आणि सावलीच्या जागी उजळ, उलट्या रंगाची कडा दिसू लागते. खोक्यावरचा आकडा पुष्कळदा ओव्हरड्राइव्हच्या याच टोकाच्या पायरीवर घेतलेला असतो, आणि त्या पायरीवर खेळणं डोळ्यांना नकोसं होतं. शिवाय मोजण्याच्या जुन्या रिवाजानुसार बदलाचे पहिले १० टक्के आणि शेवटचे १० टक्के हिशेबात धरत नाहीत. शेवटच्या टक्क्यांतच पिक्सेल रेंगाळतो, आणि ते रेंगाळणं आपल्याला दिसतं.

पण समजा, हा दोष पूर्ण गेला. पिक्सेल क्षणात बदलू लागला. तरीही धूसरपणा उरतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक बारीक उभी पांढरी रेघ सेकंदाला ९६० पिक्सेल वेगानं सरकते आहे असं धरा. ६० हर्ट्झवर ती एका जागी १६.७ मिलिसेकंद निश्चल उभी राहते, मग एकदम १६ पिक्सेल पुढे उडी मारते. आपली नजर मात्र अशा उड्या मारत नाही. सरकत्या वस्तूचा पाठलाग करताना ती सलग, समगतीनं सरकते. म्हणजे रेघ थांबलेली असताना डोळा १६ पिक्सेल पुढे गेलेला असतो आणि रेघेचा प्रकाश दृष्टिपटलावर तेवढ्या रुंदीत फासला जातो. बारीक रेघेचा पट्टा दिसतो. याची पारख कुणालाही करता येते. पडद्यावर मध्यभागी बोट टेकवावं, नजर बोटावर खिळवावी आणि रेघ मागून जाऊ द्यावी. आता पट्टा नाहीसा होतो आणि अंतराअंतरावर उमटलेल्या वेगवेगळ्या रेघा दिसतात. पडदा तोच, पिक्सेल तेच, वेग तोच. बदलली ती फक्त नजर. धूसरपणा पिक्सेलमध्ये असता तर नजर स्थिर केल्यानं तो असा गेला नसता. जलद शटरच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या स्थिर छायाचित्रातही अशा पडद्यावरची रेघ बारीकच येते. कॅमेरा रेघेच्या वेगानं रुळावरून सरकवत छायाचित्र घेतलं, तर मात्र डोळ्याला दिसतो तोच पट्टा त्यात उतरतो.

जुन्या काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरवर हालचाल इतकी लख्ख का दिसे, याचा उलगडाही यातच आहे. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत एकेक बिंदू उजळवत जाई आणि बिंदू एक-दोन मिलिसेकंदांत विझून जाई. उरलेला वेळ त्या जागी अंधार असे. चित्र डोळ्यासमोर थांबतच नसे, त्यामुळे फासलं जायला काही उरत नसे. सपाट पडदे आल्यावर वजन गेलं, लुकलुक गेली, आणि सोबत हा गुणही गेला.

यावर पहिला आक्षेप ओएलईडीच्या बाजूनं येतो. २०२२ पासून गेमिंगसाठी ओएलईडी मॉनिटर बाजारात रुळू लागले, त्यांचे पिक्सेल एलसीडीच्या मानानं जवळजवळ तत्क्षणी बदलतात, मग प्रश्न मिटला नाही का? घोस्टिंगपुरता मिटला, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ओएलईडीही फ्रेम धरून ठेवतो. ६० फ्रेमचा गेम त्यावर चालवला तर आपली रेघ १६ पिक्सेलच फासली जाणार. खरं तर माझ्या म्हणण्याला ओएलईडीइतका चांगला पुरावा दुसरा नाही : पिक्सेलचा दोष जवळपास शून्यावर आणूनही धूसरपणा राहिलाच. दुसरा आक्षेप जुना आहे, की डोळ्याला सेकंदाला ६० चित्रांपलीकडे काही कळत नाही. लुकलुक जाणवते की नाही आणि सरकती अक्षरं वाचता येतात की नाही, हे वेगळे प्रश्न आहेत. १२० हर्ट्झवर आपला पट्टा ८ पिक्सेलांचा होतो, २४० वर ४, ४८० वर २. सोळा पिक्सेलांत फासलेलं नाव वाचता येत नाही, चार पिक्सेलांत फासलेलं येऊ शकतं. तिसरा आक्षेप सिनेमाचा : तिथला धूसरपणा आपल्याला आवडतो, मग गेममध्ये का नको? सिनेमात तो कॅमेऱ्यानं टिपतानाच चित्रात उतरलेला असतो, आणि दिग्दर्शकानं तो जाणूनबुजून घेतलेला असतो. खेळणाऱ्याला शत्रूच्या खांद्याची कडा हेरायची असते. त्याच्यावर पडद्यानं परस्पर लादलेला धूसरपणा ही शैली होऊ शकत नाही. आणि गेमच्या सेटिंगमधला ‘मोशन ब्लर’ ग्राफिक्स कार्डानं मुद्दाम रंगवलेला असतो; तो बंद केला तरी हा धूसरपणा जात नाही.

उपाय दोनच. एक, फ्रेम वाढवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम कमी वेळ थांबेल. दुसरा, फ्रेम तेवढ्याच ठेवा, पण बॅकलाइट फक्त क्षणभर उजळवा आणि बाकीचा वेळ पडदा काळा ठेवा. म्हणजे सीआरटीचीच युक्ती. १२० हर्ट्झवर १ मिलिसेकंदाची झळक दिली तर आपली रेघ जेमतेम एका पिक्सेलाइतकी फासली जाते. झळकेविना तेवढी स्वच्छता मिळवायची तर १००० हर्ट्झ आणि तितक्याच खऱ्या फ्रेम लागतील. पण किंमत मोठी आहे. पडदा जेमतेम १२ टक्के वेळ उजळलेला राहतो, त्यामुळे चित्र मंदावतं. काहींचं डोकं दुखतं. आणि बहुतेक मॉनिटरवर या सोयीसोबत फ्रेमनुसार बदलणारा रिफ्रेश रेट वापरता येत नाही. काही खोक्यांवर ‘१ एमएस’च्या पुढे बारीक अक्षरांत ‘एमपीआरटी’ (मूव्हिंग पिक्चर रिस्पॉन्स टाइम) लिहिलेलं असतं, तो आकडा बहुधा ही झळक चालू करून मिळवलेला असतो. गिऱ्हाईक मात्र घरी ती बंद ठेवूनच खेळतं. २०२२ मध्ये व्हेसा या संस्थेनं क्लिअरएमआर ही श्रेणी आणली, ती पिक्सेलच्या वेळेऐवजी सरकत्या चित्रातल्या स्वच्छ आणि धूसर भागांचं गुणोत्तर मोजते. दिशा बरोबर आहे, म्हणून एक मिलिसेकंदापेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबतो.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप : ग्राफिक्स कार्ड ६०-७० फ्रेमच देतं, मग या चर्चेचा उपयोग काय? उपयोग हाच, की अशा कार्डाला २४० हर्ट्झचा पडदा जोडला तरी प्रत्येक फ्रेम तेवढाच वेळ थांबणार आणि पट्टा तेवढाच रुंद राहणार. अशा खेळणाऱ्यानं हर्ट्झच्या आकड्यावर जादा पैसे घालू नयेत. कमी रिफ्रेश रेटवरही उजळ कडा न दाखवणारं ओव्हरड्राइव्ह असलेलं साधं, चांगलं पॅनेल घ्यावं, आणि उरलेले पैसे पुढच्या ग्राफिक्स कार्डासाठी ठेवावेत.